मुलाच्या सोबतीचा कुत्रा व गांवाची वर्गणी

वाचकहो, ह्या अभ्यासाचा विषय वाचून कित्येकांस नवल वाटेल. आपल्याकडे कुत्रा म्हटला म्हणजे उंबऱ्यापाशीं भाकरीच्या तुकड्याची वाट पाहणारा, किंवा फार तर रात्रीं खळ्यावर राखण करणारा. त्याच्यासाठीं सबंध गांवानें वर्गणी काढावी, हें पहिल्यानें ऐकतांना हंसूंच येतें. परंतु अमेरिका, कॅनडा, ब्रिटन ह्या देशांत असें घडत आलें आहे. तेथील मंडळ्यांनीं, शाळांनीं व शेजाऱ्यांनीं एखाद्या मुलास सोबतीचा कुत्रा मिळावा म्हणून पैसे जमविले आहेत. तें त्यांनीं कां केलें, त्यांत काय साधलें व कोठें चुकलें, हें पाहिलें असतां, आपणांवरही कोणाच्या लेकरासाठीं झोळी फिरविण्याची वेळ आल्यास ती कशी फिरवावी हें कळून येईल.

प्रथम मुलाविषयीं बोलूं. स्वमग्नता म्हणजे वेड नव्हे. आणि आईबापांनीं लाड केल्यानें किंवा मार न दिल्यानें ती येत नाहीं. अशा मुलाच्या मेंदूची घडणच निराळी असते. बाल्टिमोर शहरांतील डॉक्टर लिओ कॅनर ह्यांनीं १९४३ सालीं ११ मुलांची हकीकत छापून प्रसिद्ध केली, तेव्हांपासून वैद्यांचें लक्ष ह्या स्थितीकडे विशेषेंकरून लागलें. कांहीं मुलें बोलत नाहींत. कांहीं पुष्कळ बोलतात, पण समोरच्याच्या मनांत काय आहे तें त्यांस ओळखतां येत नाहीं. कुकरची शिट्टी, वरातीचा बँड, नव्या सदऱ्याची बोंचणारी शिवण, ज्या गोष्टी इतरांच्या ध्यानांतही येत नाहींत त्या त्यांस असह्य होतात. रोजचा रस्ता बदलला कीं तें मूल भर बाजारांत जमिनीवर लोळण घेतें, आणि पाहणारे म्हणतात, "काय हट्टी पोर आहे! आईनें दोन लगावल्या पाहिजेत." त्या वेळीं त्या माउलीच्या मनाचें काय होत असेल तें तिलाच ठाऊक. आपल्या देशाच्या २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यांत स्वमग्नतेचा स्पष्ट उल्लेख आहे. तरी खेड्यापाड्यांतून तिला अजून "बाहेरचें", "खुळेपण" असलींच नांवें मिळतात.

ह्या मुलांपैकीं पुष्कळांस एक संवय असते, तिनें आईबापांची झोप उडते. तें मूल एकाएकीं उठून चालूं लागतें. अमेरिकेंतील बालवैद्यकाच्या एका मासिकांत २०१२ सालीं एक पाहणी प्रसिद्ध झाली. तींत १,२०० हून अधिक स्वमग्न मुलांच्या घरच्यांस प्रश्न विचारले होते. चार वर्षांचें झाल्यानंतर एकदां तरी घरांतून, शाळेंतून अथवा सोबत्याच्या हातून निसटण्याचा प्रयत्न केलेलीं मुलें शंभरांत ४९ निघालीं. निसटल्यावर जीं कांहीं वेळ सांपडलींच नाहींत, त्यांपैकीं शंभरांत २४ पाण्यांत बुडतां बुडतां वांचलीं होतीं, आणि ६५ वाहनाखालीं सांपडतां सांपडतां वांचलीं होतीं, असें आईबापांनीं सांगितलें. मूल हें दांडगाईनें करीत नाहीं. गलका सोसवत नाहीं म्हणून तें दूर जातें, किंवा आवडती जागा आठवली म्हणून तिकडे निघतें. आणि मागून हांक मारली तरी ओ देईलच असा नेम नाहीं. ज्यांच्या गांवांत कठडा नसलेली विहीर आहे, त्यांस ह्याहून अधिक सांगणें नको.

आतां कुत्र्याकडे वळूं. पहिल्या महायुद्धांत दृष्टि गमावलेल्या जर्मन शिपायांसाठीं १९१६ सालीं ओल्डेनबर्ग येथें वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली. तेथून ही विद्या इतर देशांत पसरली व अंधांवरून दुसऱ्या दिव्यांगांकडेही गेली. स्वमग्न मुलांसाठीं कुत्रे तयार करण्याचें काम ज्यांनीं आरंभीं हातीं घेतलें, त्यांत कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतांत १९९६ सालीं निघालेली "नॅशनल सर्व्हिस डॉग्ज" ही संस्था प्रमुख होय.

त्यांची रीत अशी. कुत्र्याच्या अंगावर एक जाकीट असतें. मुलाच्या कमरेच्या पट्ट्यापासून त्या जाकिटापर्यंत एक दावें बांधतात. मात्र कुत्र्याची मुख्य दोरी आईच्या किंवा बापाच्या हातांत असते व हुकूमही तींच देतात. मूल झटक्यानें पळूं लागलें कीं कुत्रा पाय रोवून उभा राहतो, नाहीं तर खालीं बसकण मारतो. तीस किलो वजनाचा लाब्राडोर जागचा हलेना, म्हणजे सहा वर्षांच्या पोराचें बळ तेथेंच खुंटतें, आणि तेवढ्या अवकाशांत आई त्याला जवळ घेते. सर्वच संस्था मुलास असें बांधीत नाहींत; कांहींस ती रीत पसंत नाहीं. अमेरिकेच्या ओहायओ राज्यांत १९९८ सालीं स्थापन झालेल्या "फोर पॉज फॉर अ‍ॅबिलिटी" ह्या संस्थेनें हरवलेल्या मुलाचा वासावरून माग काढण्यास कुत्र्यांस शिकविलें. मूल घाबरून आकांत करूं लागलें तर त्याच्या मांडीवर डोकें ठेवून अंगाचा भार द्यावयाचा, असेंही कांहीं कुत्र्यांस शिकविलेलें असतें. आपल्याकडे आजी रडत्या नातवास गोधडींत घट्ट लपेटून घेते, त्यांतलाच हा प्रकार.

ह्यानें खरोखर गुण येतो काय? कॅनडांत २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत संशोधकांनीं कुत्रा मिळालेल्या १० कुटुंबांचें निरीक्षण केलें. मूल सुरक्षित राहिलें हा पहिला लाभ त्यांस आढळला. दुसरा असा कीं, सगळें कुटुंबच घराच्या कोंडवाड्यांतून सुटलें. दुकानांत, बागेंत, सोयऱ्यांकडे जाऊं लागलें. क्वेबेक प्रांतांत ४२ स्वमग्न मुलांची पाहणी झाली, ती २०१० सालीं छापली. सकाळीं जाग आल्यावर पहिल्या अर्ध्या तासांत शरीरांत कॉर्टिसॉल नांवाचें द्रव्य वाढतें, आणि मनावरील ताणाशीं त्याचा संबंध असतो. कुत्रा येण्यापूर्वीं ह्या मुलांत ही वाढ शंभरास ५८ होती. कुत्रा घरीं आल्यावर ती १० वर आली. कांहीं दिवस कुत्रा दूर नेला, तेव्हां पुन्हां ४८ वर चढली. आकडे बोलके आहेत. परंतु ४२ मुलें म्हणजे फार नव्हेत, आणि दिवसभराच्या सरासरींत फरक दिसून आला नाहीं, हेंही त्याच अभ्यासांत लिहिलें आहे. कुत्र्यानें स्वमग्नता जात नाहीं. जाते असें जो सांगेल, त्याच्या हातीं पैसा देऊं नये.

आतां पैशाची गोष्ट. कुत्र्याचें पिलूं तर स्वस्तांत मिळतें, मग हजारों डॉलर कशाला, असें कोणीही विचारील. पिलूं आईपासून वेगळें झालें कीं तें एखाद्या स्वयंसेवकाच्या घरीं वर्षभर किंवा अधिक काळ राहतें. तेथें त्यास जिने, मोटारगाड्या, गर्दी, मांसाच्या दुकानाचा वास, ह्या सर्वांची संवय करितात. मग शिक्षक त्यास कित्येक महिने शिकवितो. खाणें, औषध, डोळ्यांची व कमरेच्या हाडांची तपासणी हा खर्च निराळा. इतकें करूनही पुष्कळशीं पिलें ह्या कामास उतरत नाहींत. एखादें फटाक्यास भितें, एखादें खारीमागें धांवतें. त्यांजवर झालेला खर्च उतरलेल्यांवरच बसतो. शेवटीं आईबापांसही शिकवावें लागतें. हें सर्व मिळून दीड दोन वर्षें जातात, आणि अमेरिकेंत एका कुत्र्यामागें दहा हजारांपासून तीस हजार डॉलरांपर्यंत व त्याहूनही अधिक रक्कम लागते.

ही रक्कम कोणीं द्यावी? येथें दोन रीती दिसतात. क्वेबेकमधील "मिरा" ही संस्था १९८१ पासून कुत्रे फुकट देत आली आहे. ती देणग्या स्वतः सर्वसाधारण जनतेकडून घेते आणि मुलाच्या आईबापांस कोणापुढें उभें राहावें लागत नाहीं. ब्रिटनमध्येंही अशीच चाल जुनी आहे. तेथें १९६४ सालीं "ब्लू पीटर" ह्या मुलांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमानें अंधांच्या कुत्र्यांसाठीं रुपेरी कागद व दुधाच्या बाटल्यांचीं झांकणें पाठवा, अशी विनंती केली. पोरांनीं घरोघरचा तो कचरा गोळा करून पाठविला, आणि तो विकून आलेल्या पैशांवर कुत्रे तयार झाले. स्वयंपाकाच्या वेळीं मूठभर दाणे बाजूला काढून ठेवणाऱ्या आपल्या बायांस ह्यांतलें मर्म समजावून सांगावयास नको. ज्याच्या घरचें झांकण गेलें, त्याला कोणा एका अंधाचें नांव ठाऊक नव्हतें, आणि त्या अंधालाही कोणाचें उपकाराचें ओझें नव्हतें.

दुसरी रीत अमेरिकेंत फार चालते. तेथें पुष्कळ संस्था कुटुंबासच सांगतात कीं एवढी रक्कम तुम्ही जमवा. मग आईबाप केक विकतात, मंडळीच्या दिवाणखान्यांत भोजन ठेवितात, मोटारी धुतात, दुकानाच्या काउंटरवर मुलाचें चित्र लावलेला डबा ठेवितात. ह्या रीतीनें हजारों डॉलर जमतात खरे. तिच्यांत एक गोड गोष्टही आहे, ती अशी कीं शेजारी एकत्र येतात. पण ती गोड गोष्ट किती खोल असते, हें मिशिगन राज्यांतील नेपोलियन ह्या लहान गांवच्या हकीकतीवरून पाहावें. ह्या अभ्यासाचा गाभा तोच आहे.

त्या ठिकाणीं एक लहान मुलगी होती. ती स्वमग्न नव्हती. तिला सेरेब्रल पाल्सी म्हणजे हातपाय ताब्यांत न राहण्याची व्याधि होती. बालवैद्यानें सोबतीच्या कुत्र्याची शिफारस केली. शेजाऱ्यांनीं, तिच्या शाळेंतील मुलांच्या आईबापांनीं व इतर लोकांनीं हातभार लावून सुमारें १३,००० डॉलर जमविले. त्या वेळच्या दरानें हे सहा लाख रुपयांहून अधिक होतात. वंडर नांवाचा कुरळ्या केसांचा कुत्रा शिकून तयार झाला. तो दार उघडी, पडलेली वस्तु उचलून देई, दिवा लावी, तिचा कोट काढण्यास मदत करी. २००९ सालीं मुलीस बालवर्गांत बसावयाचें होतें. तेव्हां शाळेच्या अधिकाऱ्यांनीं सांगितलें कीं कुत्रा आंत नको, मुलीच्या मदतीस एक माणूस नेमलें आहे तें पुरे. पुढच्या वर्षीं त्यास कांहीं दिवस परीक्षेसाठीं येऊं दिलें, परंतु वर्गाच्या मागें, मुलीपासून दूर. आणि तीं कामें त्यास करूं दिलीं नाहींत. अखेरीस आईबापांनीं तिला शाळेंतून काढून घरीं शिकविलें.

विचार करा. पैसे ज्या गांवानें दिले, त्याच गांवच्या शाळेचें दार बंद झालें. डब्यांत नाणें टाकणें एक वेळ सोपें आहे. तोच कुत्रा आपल्या मुलाच्या बांकाशेजारीं बसणार म्हटलें कीं मनें मागें सरतात. कोणास केसांची भीति वाटते, कोणास शिस्त बिघडेल असें वाटतें, आणि कोणास आजवर जसें चाललें तसेंच चालावें असें वाटतें. ह्या शंका सगळ्याच खोट्या नसतात. परंतु त्या वर्गणी काढण्यापूर्वीं बोलावयाच्या असतात.

हें प्रकरण "फ्राय विरुद्ध नेपोलियन कम्युनिटी स्कूल्स" ह्या नांवानें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. न्यायालयानें २२ फेब्रुवारी २०१७ रोजीं मुलीच्या बाजूनें एकमतानें निकाल दिला. शिक्षणाच्या कायद्यांतील सगळ्या पायऱ्या चढल्यावांचून कोर्टांत येतां येत नाहीं, हें खालच्या कोर्टांचें म्हणणें त्यांनीं उचलून टाकिलें व पुन्हां विचार करण्यास लाविलें. निकाल लिहितांना न्यायमूर्ति एलेना केगन ह्यांनीं पारख म्हणून साधे प्रश्न घातले. हीच वागणूक शाळेऐवजीं सार्वजनिक ग्रंथालयांत झाली असती, तर ही तक्रार करतां आली असती काय? मुलीऐवजीं शाळेंत आलेल्या एखाद्या मोठ्या माणसाची झाली असती, तर? उत्तर होय असें असेल, तर प्रश्न शिक्षणाचा नाहीं, आंत येण्याच्या हक्काचा आहे. दरम्यान मुलगी दुसऱ्या जिल्ह्यांतील शाळेंत गेली होती, आणि तेथील मुख्याध्यापकांनीं व शिक्षकांनीं तिचें व वंडरचें आनंदानें स्वागत केलें होतें. त्यांस वर्गणीचा डबा कोणीं दाखविला नव्हता.

स्वमग्न मुलांच्या बाबतींतही असे तंटे झाले आहेत. इलिनॉय राज्यांत २००९ सालीं एका पहिलीच्या मुलाच्या कुत्र्यावरून दावा लागला आणि न्यायालयानें कुत्र्यास मुलाबरोबर शाळेंत जाऊं द्यावें असें ठरविलें.

ह्यास्तव आमचें म्हणणें असें कीं, एखाद्या मुलासाठीं मंडळींत झोळी फिरविण्यापूर्वीं एक सभा भरवावी, आणि तींत पैशाविषयीं बोलण्याआधीं दारांविषयीं बोलावें. शाळामास्तर, पाणवठ्यावरच्या बाया, दुकानदार, उपासनेच्या वेळीं मागच्या चटईवर बसणारे म्हातारे, ह्या सर्वांस विचारावें कीं हें मूल आपल्यांत आलें तर तुम्ही काय कराल. तें मध्येंच ओरडलें तर? तें उठून फिरूं लागलें तर? येथें जीं उत्तरें मिळतील, त्यांची किंमत वर्गणीच्या आंकड्याहून अधिक समजावी.

मुलाचें चित्र डब्यावर लावावें कीं नाहीं, ह्याविषयीं मतभेद आहे. आमच्या मतें लावूं नये. चित्रानें पैसे अधिक जमतात हें कबूल. पण तें मूल उद्यां पंधरा वर्षांचें होईल आणि त्याच बाजारांतून चालेल. ज्यास आज स्वतःसाठीं बोलतां येत नाहीं, त्याची लाज इतरांनीं राखिली पाहिजे. त्याचें रडणें, त्याचे कपडे ओले होणें, त्यानें आईस चावणें, ह्या गोष्टी लोकांस कळवळा यावा म्हणून वेशीवर टांगूं नयेत. "आपल्या मंडळींतील एका मुलाच्या सुरक्षिततेसाठीं" एवढे शब्द पुरतात. आणि ज्यास तेवढ्यानें द्यावेंसें वाटत नाहीं, त्याचे चार आणे राहिले तरी चालेल.

पैसे कोणाकडे जातात हें मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावें. अमेरिकेंत सोबतीच्या कुत्र्यांची सरकारी नोंदवही नाहीं, म्हणून कोणीही पाटी लावूं शकतो. व्हर्जिनिया राज्याच्या सरकारी वकिलांच्या प्रमुखांनीं २०१८ सालीं एका कुत्रे पुरविणाऱ्या संस्थेवर दावा लाविला. त्या संस्थेनें एकेका कुत्र्याचे १८,००० ते २७,००० डॉलर घेऊन अर्धवट शिकलेलीं पिलें लोकांच्या गळ्यांत बांधलीं, असा त्यांत आरोप होता. घेणारीं कुटुंबें आजारी व दिव्यांग माणसांचीं. अशा कित्येक घरांनीं तो पैसा शेजाऱ्यांपाशीं मागून आणिलेला असतो, म्हणून फसवणूक एका घराची होत नाहीं, गांवाची होते, आणि पुढच्या खऱ्या गरजवंतास त्या गांवांत कोणी पै देत नाहीं. ह्यास्तव ज्यांस आधीं कुत्रे मिळाले आहेत अशा दोन घरांस पत्र घालावें, कुत्रा कामास उतरला नाहीं तर पैशाचें काय हें लेखी घ्यावें, आणि वर्गणी मुलाच्या बापाच्या खिशांत न ठेवतां दोन पंचांच्या सह्यांनीं बँकेंत ठेवावी. बापावर अविश्वास म्हणून हें करावयाचें नाहीं. त्यास कोणापुढें हिशेब देत बसण्याची पाळी येऊं नये म्हणून.

येथें कोणी म्हणेल, आपल्या खेड्यांत असा कुत्रा आणून काय उपयोग? गल्लीचीं दहा कुत्रीं त्याच्या अंगावर धांवून येतील. शंका रास्त आहे. शिकविलेल्या कुत्र्यानें गल्लींतल्या कुत्र्यांकडे न पाहतां चालावें, ही अपेक्षा फारच मोठी आहे. शिवाय तसे कुत्रे शिकविणाऱ्या संस्था आपल्याकडे विरळ. आमच्या मतें येथील बहुतेक मुलांच्या बाबतींत तोच पैसा विहिरीस कठडा बांधण्यास, दारास उंचावर कडी लावण्यास, जिल्ह्याच्या गांवीं वाचाशिक्षकाकडे जाण्याच्या बसभाड्यास लावणें शहाणपणाचें होईल. कुत्र्याची गोष्ट ऐकावयास अधिक गोड लागते आणि कठड्यासाठीं कोणाचे डोळे भरून येत नाहींत, हें आम्हीं जाणतों. म्हणूनच पंचांनीं आधीं मुलाच्या आईस विचारावें. मूल रात्रीं किती वाजतां उठतें व कोणत्या वाटेनें जातें, हें तिच्याइतकें दुसऱ्या कोणासही ठाऊक नाहीं.

आणि जेथें कुत्राच आणणें ठरेल, तेथें त्या मुक्या जनावराचाही विचार व्हावा. कॅनडांतल्या त्याच संशोधकांस असें दिसलें कीं कांहीं घरीं कुत्र्यास विसांवा मिळत नाहीं, आणि मुलाकडून नकळत त्यास मारझोडही सोसावी लागते. दिवसांतून कांहीं वेळ जाकीट काढून त्यास मोकळें खेळूं द्यावें लागतें. असा कुत्रा दोन वर्षांचा असतांना कामास लागतो व नऊ दहा वर्षांचा झाला म्हणजे थकतो. सहा वर्षांच्या मुलास तो मिळाला, तर मूल तेरा चौदा वर्षांचें असतांना त्याच्या सोबत्याचे पाय दुखूं लागतील, आणि दावें सोडावें लागेल. तेव्हां म्हातारा कुत्रा त्याच घरीं राहणार कीं दुसरीकडे जाणार, त्याच्या औषधाचा खर्च कोण सोसणार, आणि मुलास हें कोण व कसें सांगणार, हें वर्गणीच्या पहिल्याच सभेंत ठरवून जमाखर्चाच्या वहींत पहिल्या पानावर लिहून ठेवावें.